श्वासाची हजेरी

मनुष्याच्या देहास प्रश्न विचारण्याचा अधिकार वैद्याला असतो, कारण मनुष्य त्याच्याकडे आपण होऊन जातो. आणि प्रसंगविशेषी तो न्यायाधीशाला असतो, कारण त्याच्यामागे कायद्याचे बळ उभे असते. परिचर्येची पदविका घेऊन तळोद्यासारख्या सातपुड्याच्या पायथ्याच्या गावातून पोटासाठी मुंबईस गेलेला मी एक साधा इसम, वैद्यही नव्हतो आणि न्यायाधीशही नव्हतो. परंतु माझ्या नोकरीची उमेदीची वर्षे विमानतळावरील एका खिडकी नसलेल्या खोलीत, रोगी नसलेल्या आणि आरोपीही नसलेल्या माणसांपुढे यंत्राची नळी धरून ‘फुंका’ असे सांगण्यात, आणि त्यांच्या श्वासात मद्याचा अंश आहे की नाही याची नोंद करण्यात गेली. या कामास सरकारी कागदांत लांबलचक नाव आहे. आम्ही मात्र त्यास ‘बीए’ म्हणत असू, आणि ‘बीए झाली का?’ हा विमानतळावर रामरामाइतका रूढ प्रश्न होता.

मूळ नियम जुना आहे. १९३७ च्या विमान नियमांतील २४ व्या नियमान्वये मद्यप्राशनानंतर बारा तासांच्या आत कोणासही विमानाच्या कर्मचारीवर्गात काम करता येत नाही. आणि नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने त्यावर पुढे जी कलमे रचली, त्यांनी हे बारा तास उलटल्यावरही श्वासात काही शिल्लक राहता कामा नये, अशी अट घातली. रस्त्यावर मोटार हाकणाऱ्यास आपला कायदा १०० मिलिलिटर रक्तामागे ३० मिलिग्रॅमपर्यंत सूट देतो, अमेरिकेत वैमानिकासही ०.०४ टक्क्यांच्या आतील अंशाकडे आणि आठ तासांच्या अंतराकडे पाहून सोडले जाते. आमच्या यंत्रावर मात्र शून्याखेरीज दुसऱ्या कोणत्याही आकड्यास क्षमा नव्हती. हे कठोर वाटते, पण मला ते कधीही अन्यायाचे वाटले नाही. शेदीडशे जीव ज्याच्या हातात आहेत, त्याच्याविषयी ‘थोडीशीच घेतली होती’ हा युक्तिवाद ज्यास पटत असेल, त्याने एकदा पावसाळ्याच्या रात्री धावपट्टीकडे झुकणारे विमान खालून पाहावे.

खरी अडचण शून्याच्या अलीकडे नव्हती, पलीकडे होती. म्हणजे यंत्राने शून्याऐवजी दुसरा आकडा दाखविला की पुढे काय, या प्रश्नात होती. श्वासातील मद्य हे पोटातून रक्तात आणि रक्तातून फुफ्फुसात आलेले असू शकते, तसेच ते केवळ तोंडात रेंगाळलेलेही असू शकते. तोंड धुण्याचे सुवासिक द्रव, होमिओपॅथीचे मद्यार्कातील थेंब, खोकल्यावरची काही औषधे, आणि आपल्या आजीबाईंच्या विश्वासातले द्राक्षासव, ज्यात आंबण्याच्या क्रियेनेच मद्य उत्पन्न होते, या सर्वांचा वास यंत्रास सारखाच लागतो; यंत्राला हेतू कळत नाही. तोंडातले मद्य सुमारे पंधरा मिनिटांत विरून जाते, रक्तातले १०० मिलिलिटरमागे तासाला जवळजवळ १५ मिलिग्रॅम या संथ गतीनेच ओसरते. म्हणून नियमात अशी योजना आहे की, पहिली फुंक सदोष आली तर माणसास पंधरा-वीस मिनिटे थांबवावे, चूळ भरू द्यावी, तोंड धुऊ द्यावे, मग निर्मद्य असलेल्या दुसऱ्या कोणाचा श्वास त्याच यंत्रात घेऊन यंत्र खरे बोलत आहे याची खातरजमा करावी, आणि नंतरच साक्षीदारासमक्ष दुसरी फुंक घ्यावी. ही सारी क्रिया कॅमेऱ्यासमोर होते आणि आकडा कागदावर छापून निघतो. अशा वेळी खातरजमेसाठी बहुधा मीच फुंकत असे, आणि माझ्या नावाचे शून्य त्या माणसाच्या आकड्याशेजारी दफ्तरात जाऊन बसे. ज्यांनी हे कलम लिहिले त्यांना मी पाहिलेले नाही. परंतु आरोप करण्यापूर्वी आपल्या साधनाची परीक्षा घ्यावी, हे न्यायाचे तत्त्व त्यांनी एका यंत्राच्या वापरात आणून बसविले, याबद्दल मला त्यांचा आदर वाटत आला आहे.

माणसांचे स्वभाव त्या खोलीत फार लवकर उघडे पडत. पहाटेच्या उड्डाणांसाठी तीन-साडेतीन वाजता रांग लागे. इस्त्रीचे गणवेश, अर्धवट झोपेचे डोळे, चाकांच्या बॅगांचा खडखडाट. बहुतेक जण मुकाट्याने फुंकून निघून जात. काही ज्येष्ठ कॅप्टन नळी हातात घेताना असा चेहरा करीत की, जणू मी त्यांच्या कुळाचा दाखला मागितला आहे. आणि त्यांच्याबरोबरचे नवखे सहवैमानिक मात्र आधी माझे नाव विचारून, मग फुंकून, आभार मानून जात. माझ्या अनुभवात पदाचा आणि विनयाचा संबंध व्यस्तच राहिला. अर्थात अपवादही भले होते. नियम पदाकडे पाहत नाही, ही गोष्ट सर्व देशास २०१८ च्या नोव्हेंबरात दिसली. लंडनला निघालेल्या विमानाचे सारथ्य करावयास आलेले, आणि एअर इंडियाच्या परिचालन विभागाचे संचालकपद भूषविणारे एक वैमानिक दिल्लीस उड्डाणापूर्वीच्या दोन्ही चाचण्यांत सदोष ठरले, आणि दुसऱ्यांदा घडलेल्या अपराधास जी शिक्षा नेमलेली आहे ती, म्हणजे तीन वर्षे अनुज्ञप्तीचे निलंबन, त्यांच्या वाट्यास आली. पहिल्या अपराधास तीन महिने, दुसऱ्यास तीन वर्षे, तिसऱ्यास अनुज्ञप्ती कायमची रद्द, असा हा दंडक आहे. त्या दिवसानंतर काही काळ आमच्या खोलीतील कुळाचे दाखले आपोआप बंद झाले.

२०१९ साली ही श्वासाची चाचणी जमिनीवरच्या कामगारांनाही लागू झाली. विमान दुरुस्त करणारे, हवाई वाहतुकीचे नियंत्रक, विमानास जोडण्याचे पूल चालविणारे, इंधनाच्या व सामानाच्या गाड्या हाकणारे, आणि विमानाच्या पोटात बॅगा भरणारे लोडर, या सर्वांतून रोज काही जणांना निवडून फुंकावयास आणले जाऊ लागले. युक्तता निःसंशय होती. विमानाच्या पंखाखाली गाडी घालणारा झिंगलेला चालक हा झिंगलेल्या वैमानिकाहून फारसा निरुपद्रवी नसतो. परंतु आतापर्यंत माझ्यासमोर येणारा मनुष्य इंग्रजी जाणणारा, संघटनेचा सभासद, आणि आपले कलम तोंडपाठ असलेला असे. आता जो येऊ लागला त्यास आपण कोणत्या कागदावर सही करीत आहोत हेही ठाऊक नसे. आणि त्यांच्यात, आश्चर्य वाटू नये, पण मला दर वेळी वाटे, माझ्याच मुलखाची पोरे निघत. अक्कलकुवा, धडगाव, तळोदा या भागांतून ऊसतोडीस गुजरातेत जाणारे तांडे सर्वांना माहीत आहेत. त्यांतले दहावी-बारावीपर्यंत पोचलेले काही जण कंत्राटदाराच्या ओळखीने विमानतळाच्या रॅम्पवर आले होते. माझ्या बोलण्यातले खानदेशी वळण ऐकले की त्यांचे खांदे सैल पडत.

महाशिवरात्रीनंतरचा एक प्रसंग मी विसरलेलो नाही. धडगावकडचा एक तरुण लोडर दुपारच्या पाळीला फुंकावयास आला आणि यंत्राने आकडा दाखविला. बरोबर आलेल्या मुकादमाने घड्याळ पाहून म्हटले, “याला सोडा, मी दुसरा माणूस देतो.” त्याच्या लेखी प्रश्न तेवढाच होता. मी सांगितले की, वीस मिनिटे थांबावे लागेल, आणि दुसरी फुंक झाल्याखेरीज हा माणूस जाणार नाही, तुम्हीही जाणार नाही. ती वीस मिनिटे तो मुलगा बाकावर बसून होता. देवमोगरा मातेच्या जत्रेहून गावची मंडळी त्याच्या खोलीवर मुक्कामाला आली होती. याहा मोगीला मोहाच्या दारूचा नैवेद्य असतो, आणि देवीचा प्रसाद नाकारण्याची आमच्या डोंगरात रीत नाही. “दादा, रात्री घेतली, मग झोपलो, सकाळी आंघोळ केली, भाकर खाल्ली. मी बरा आहे ना?” असे तो मला पुन्हा पुन्हा विचारीत होता. तो बरा होता. त्याची चाल सरळ होती, शब्द स्वच्छ होते. परंतु रक्ताचा हिशेब मनुष्याच्या बरे वाटण्यावर चालत नाही. मध्यरात्रीपर्यंत पोटभर घेतलेली दारू दुसऱ्या दिवशीच्या दुपारपर्यंत शिल्लक राहू शकते. मी स्वतः फुंकलो, शून्य आले. तो फुंकला, आकडा पहिल्याहून कमी झाला होता, पण शून्य नव्हता.

निकाल बरोबर होता, आणि तो तसाच नोंदविला गेला. अन्याय त्यानंतर सुरू झाला. नमुन्याचा कागद इंग्रजीत होता; “काय लिहिलंय ते सांगा ना, दादा,” असे तो म्हणाला तेव्हा मी त्यास ओळन् ओळ मराठीत समजावून सांगितली, आणि याकरिता लागलेल्या वेळाबद्दल कंत्राटदाराच्या कारकुनाने मलाच चार शब्द ऐकविले. मुलाचा प्रवेशाचा पास त्याच दिवशी काढून घेण्यात आला. कामावरून दूर ठेवण्याची मुदत नियमाने मोजलेली असते. परंतु मुदत संपल्यावर परत बोलावण्याची जबाबदारी ज्याच्यावर आहे, त्याने कंत्राटी मजुराचे नावच हजेरीपटावरून खोडून टाकले, तर ती मुदत कोणाकडे मागावी? वैमानिकाचे तीन महिने हे तीन महिने असतात; त्याची अनुज्ञप्ती, त्याची नोकरी, त्याचे वकील, सारे त्याची वाट पाहत थांबते. लोडरचे तीन महिने म्हणजे बडतर्फीच, फक्त तिच्यावर कोणी तसा शेरा मारीत नाही. त्याची पंधरवड्याची मजुरीही अडकून राहिली. कंत्राटदाराने मजुरी बुडविली तर ती चुकती करण्याची जबाबदारी मूळ मालकावर येते, असे १९७० चा कंत्राटी कामगार कायदा स्पष्ट सांगत होता, आणि तेही मी त्यास सांगितले. पण दाद मागण्यासाठी मुंबईत थांबावे लागते, आणि थांबण्यासाठी मजुरी लागते. तो गावी गेला, आणि त्या हंगामात ऊसतोडीच्या ट्रॅक्टरवर सुरतेच्या बाजूस निघून गेला, एवढेच मला पुढे कळले.

३१ जानेवारी २०२२ पासून मद्याखेरीज अन्य अमली द्रव्यांची चाचणीही सुरू झाली, आणि माझ्या कामाचा रंग पालटला. वैमानिकवर्ग आणि हवाई वाहतूक नियंत्रक यांच्यापैकी निदान दहा टक्के माणसांची दरवर्षी अवचित निवड करून त्यांच्या लघवीचा नमुना घ्यावयाचा, आणि गांजा-चरसातील द्रव्य, अफूजन्य पदार्थ, कोकेन, ॲम्फेटामाइन, बार्बिट्युरेट आणि बेंझोडायझेपिन या सहा वर्गांसाठी तो तपासावयाचा. श्वास मागणे आणि लघवी मागणे यांत मर्यादेचे केवढे अंतर आहे, हे ज्याने दाराबाहेर उभे राहून पेला हाती दिला आहे त्यासच समजेल. अनेक वर्षे ओळखीची माणसे त्या दिवशी माझ्या डोळ्यास डोळा देत नसत. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत अधिकार आहे असा निर्णय दिला, तो मी वर्तमानपत्रात वाचला होता. त्याचा अर्थ काय, हे मला त्या दाराशी कळले. अधिकार असूनही तो सुरक्षिततेसाठी संकुचित करता येतो, हे मान्य. परंतु किती, आणि कोणासमोर, हे ठरविण्याचे काम अखेर माझ्यासारख्या किरकोळ माणसाच्या वागणुकीवर येऊन पडते. नमुन्यापूर्वी आपण घेत असलेली औषधे नमूद करावयाची असत. एका नियंत्रकाच्या लेखणीस तेथे अडखळताना मी पाहिले. शेजारी त्याचे सहकारी उभे होते, आणि मनाच्या विकारावरील गोळीचे नाव त्यांच्यादेखत लिहिणे त्यास जड जात होते. मी त्या मंडळींना बाहेर बसविले. नियमात हे लिहिले होते की नव्हते याचा मी शोध घेतला नाही.

या दुसऱ्या चाचणीचा स्वभावच वेगळा आहे, आणि तो न जाणता तिची मद्याच्या चाचणीशी सांगड घालणे घातक आहे. श्वास वर्तमानाची साक्ष देतो. लघवी भूतकाळाची देते. भांगेचे किंवा गांजाचे अवशेष नित्य सेवन करणाऱ्याच्या शरीरात आठवडेच्या आठवडे राहतात, नशा मात्र काही तासांतच उतरलेली असते; म्हणजे सदोष नमुना ‘हा मनुष्य कामावर असताना झिंगलेला होता’ असे सिद्ध करीत नाही, ‘याने केव्हातरी सेवन केले होते’ एवढेच सांगतो. आता १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्याने नुसत्या भांगेच्या पानास आपल्या व्याख्येबाहेर ठेवले आहे, आणि उत्तरेतील काही प्रांतांत शिवरात्रीस व होळीस ती उघड विकली जाते. पण पेल्यातील पट्टीला पान आणि फुलोरा यांतला भेद कळत नाही. दिवाळीच्या अनारशांवर आपण जी खसखस थापतो, तीही अफूच्याच बोंडातली असल्याने, भरपूर खाल्ली असता प्राथमिक चाचणीत अफूची खूण उठवू शकते. आणि खोकल्याच्या औषधातील कोडीन तर अफूच्या कुळातलेच. म्हणून पहिल्या पट्टीवर कोणाचेही भवितव्य ठरवू नये, प्रयोगशाळेतील पुष्टीची परीक्षा झाल्याखेरीज नाव कोठेही जाऊ नये, हा दंडक या योजनेचा प्राण आहे. आणखी एक गोष्ट मला सुरुवातीस विसंगत वाटली व पुढे विचारार्ह वाटली: अमली द्रव्यांत पहिल्यांदा सापडलेल्यास हा नियम व्यसनमुक्तीच्या उपचारास पाठवितो आणि निर्दोष ठरल्यावर कामावर परत घेतो, दुसऱ्या खेपेस तीन वर्षांचे निलंबन करतो, मद्यात पहिल्यांदा सापडलेल्यास मात्र उपचाराऐवजी थेट निलंबन मिळते. ज्याला आपण अधिक भयंकर समजतो त्या व्यसनास रोग मानले, आणि ज्याच्याशी आपला घरोबा आहे त्यास केवळ अपराध मानले. माझ्या मते औदार्य दोन्हीकडे हवे होते.

अमेरिकेत हा वाद आपल्याआधी झाला. ४ जानेवारी १९८७ रोजी मेरीलँड राज्यात चेसजवळ प्रवासी गाडी मालवाहू इंजिनांवर आदळून १६ माणसे मेली, आणि ती मालवाहू इंजिने चालविणाऱ्याने गांजा ओढला होता असे निघाले. रेल्वे कामगारांच्या रक्ताची व लघवीची तपासणी संशयाशिवायही करता येते, असे तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली ठरविले, दोन न्यायाधीशांनी विरोधी मत नोंदविले, आणि १९९१ च्या कायद्याने विमान वाहतुकीसह वाहतुकीच्या अनेक क्षेत्रांत ही तपासणी सक्तीची झाली. परंतु त्या देशातील जी हकिकत मला अधिक बोलकी वाटते ती याच सुमाराची आहे. ८ मार्च १९९० रोजी नॉर्थवेस्ट कंपनीचे तिघे वैमानिक फार्गोहून मिनियापोलिसला मद्याच्या अमलाखाली विमान घेऊन गेले. उतरताच अटक झाली, तुरुंगवास झाला, अनुज्ञप्त्या गेल्या. त्यांतला कॅप्टन व्यसनातून मुक्त झाला, त्याने सर्व परीक्षा पुन्हा दिल्या, त्याच कंपनीने त्यास परत घेतले आणि तो विमान चालवीतच निवृत्त झाला. शिक्षा त्यास चुकली नव्हती. फक्त परतीचे दार बंद केले गेले नव्हते.

आता मी तळोद्यास परतलो आहे आणि एका लहान दवाखान्यात काम करतो. दारूविषयी आमच्या मुलखास शहराने काही शिकवावे अशी स्थिती नाही. येथून जवळच्या मोरवड-रंजनपूरच्या गुलाम महाराजांनी १९३० नंतरच्या दशकात ‘आप’चा मंत्र देऊन हजारो भिल्लांना दारू सोडावयास लावले, त्यांच्यामागे रामदास महाराजांनी ते कार्य पुढे नेले, १९७२-७३ च्या सुमारास शहाद्याच्या चळवळीत आदिवासी स्त्रियांनी गावोगाव दारूची मडकी फोडली. मोहाची धार देवाला वाहणारा समाज आणि मडकी फोडणारा समाज एकच आहे. या लोकांनी दारू सोडली ती कोणी अपमान केला म्हणून सोडली नाही. आपल्यातल्याच माणसाने बरोबरीच्या नात्याने सांगितले म्हणून सोडली. विमानतळाच्या खोलीत तीच गोष्ट कायद्याने साधावयाची आहे, आणि ती साधावीच. पण कायद्याला बरोबरीचे नाते निर्माण करावयाचे असेल तर ते त्या वीस मिनिटांतून, त्या साक्षीदारातून, आणि समजेल अशा भाषेतील कागदातूनच होऊ शकते.

या भागातून विमानतळावर कामास जाणारी पोरे आता माझ्याकडे येऊन विचारतात, म्हणून येथेच लिहून ठेवतो. कामाच्या आदल्या दिवशी प्रसाद असो की लग्न असो, दारूला हात लावू नका. बारा तासांवर विसंबू नका. काही औषध चालू असेल तर चिठ्ठी जवळ ठेवा आणि फुंकण्यापूर्वी किंवा नमुना देण्यापूर्वी ते नोंदवून घ्या. पहिला आकडा आला तर घाबरून निघून जाऊ नका, कारण निघून जाणे हे नकार दिल्यासारखेच धरले जाते; चूळ भरण्यास पाणी आणि दुसऱ्या फुंकेसाठी पंधरा-वीस मिनिटे मागा, यंत्राची खातरजमा तुमच्यासमोर करावयास सांगा, छापलेल्या कागदाची प्रत मागा. न समजणाऱ्या कागदावर सही करण्यापूर्वी तो वाचून दाखवावयास सांगा, आणि वाचून दाखविला नाही तर सहीखाली मराठीत तसे लिहा. आणि ज्यांच्या हाती विमानतळांचा कारभार आहे त्यांना माझी दरखास्त एवढीच आहे की, ही पाच वाक्ये त्या खोलीच्या भिंतीवर मराठीत व हिंदीत ठळक अक्षरांत लावावीत, आणि कंत्राटी कामगाराच्या निलंबनाच्या हुकमावर त्याने पुन्हा कामावर रुजू होण्याची तारीखही लिहावी.